ऑनलाईन कोल्हापुरी विकताना भेटणारे अवघड कस्टमर : सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर पायताण बनवणाऱ्यांचं. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, कोल्हापुरात सुभाषनगरात बसून अजून स्वतः वेणी घालतात आणि मी सहा वर्षं झाली तीच चप्पल अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर लावते. ओळखीतल्या पोरी, बचत गटातल्या ताया, घरचा धंदा ऑनलाईन न्यायला निघालेली पोरं, सगळे पहिलं रिटर्न आलं की मला मेसेज करतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून ठेवूया. उदाहरणं चपलेची आहेत, तुम्ही साडी विका नाहीतर मसाला, आपापलं जुळवून घ्या. भांडणाच्या गोष्टी सांगितल्यात तिथं साईटचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, कारण उन्नीस-बीस सगळीकडे तसंच आहे.

अवघड कस्टमर म्हणजे नक्की कोण?

जो ओरडतो तो, असं सगळ्यांना वाटतं. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटायचं. पण ओरडणारा बहुतेक वेळा घाबरलेला असतो, बाराशे रुपये गेले की काय, आपल्याला येड्यात काढलं की काय, ही भीती असते त्याची, त्याला वेळेत सरळ उत्तर मिळालं की तो खाली येतो. खरा फसवणारा कधीच ओरडत नाही. तो लई गोड बोलतो, मॅडम मॅडम करतो, फोटो व्यवस्थित पाठवतो, कारण त्याला साईटचे नियम तुमच्यापेक्षा चांगले पाठ असतात. त्यामुळे माझा हिशोब असा की ओरडणाऱ्याला उत्तर द्यायचं आणि गोड बोलणाऱ्याचं पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडायचं.

सगळ्यात जास्त रिटर्न साईजचे येतात, काय करू?

चपलेत हे राहणारच, शून्य कधीच होत नाही. पण कमी होतात. लोक बुटाचा नंबर टाकतात, कुणाचा बूट यूके आठ, कुणाचा युरोपियन बेचाळीस, कुणी नुसतंच "माझी बाटा सात आहे" म्हणतं, आणि कोल्हापुरीचा साचा वेगळा, पुढून उघडी, अंगठ्याच्या कड्यात बोट जायला पाहिजे, वरून पट्टा पायाच्या रुंदीवर बसतो. नुसत्या नंबरावर हे कळणारच नाही.

मी लिस्टिंगमध्ये (साईटवरच्या चपलेच्या पानावर) तिसराच फोटो मापाचा ठेवलाय. कागदावर पाय ठेवून टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा, आणि संध्याकाळी मोजा, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजतो. खाली आपल्या चपलेच्या तळाची लांबी आणि पट्ट्यापाशी रुंदी, प्रत्येक नंबराची, स्वतः टेप लावून मोजलेली. दुसऱ्याचा चार्ट उचलून टाकू नका, मी टाकला होता आणि दिवाळीत त्याची फळं खाल्ली. आणि एक वाक्य ठळक लिहायचं : चामडं वापरून रुंदीला सैल होतं, लांबीला वाढत नाही. हे एक वाक्य टाकल्यापासून "थोडी घट्ट वाटते" म्हणून येणारी रिटर्न माझ्याकडे चांगलीच उतरली.

"चप्पल चावते, डिफेक्टिव्ह आहे" म्हणतात. चावणं म्हणजे डिफेक्ट का?

नाही ओ. पण तुम्ही आधी सांगितलं नसेल तर कस्टमरच्या बाजूनं बघा, त्यानं पहिल्यांदाच कोल्हापुरी घेतलीय, घालून भाजी आणायला गेला आणि अंगठ्याला फोड आला, तो डिफेक्टच म्हणणार. आपल्याकडे लहानपणापासून माहीत असतं की पहिले आठ दिवस कोल्हापुरी पायाला समजावून घ्यावी लागते, गुरगावातल्या पोराला कोण सांगणार?

म्हणून प्रत्येक बॉक्समध्ये एक चिठ्ठी. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषेत, चार ओळी. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बोटानं थोडं खोबरेल नाहीतर एरंडेल लावा, रात्रभर ठेवा, पहिले काही दिवस घरातच अर्धा तास घाला, पावसात घालू नका, भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा. तेल लावलं की रंग थोडा गडद होतो हेही तिथंच लिहायचं, नाहीतर तेल लावून रंग बदलला म्हणून दुसरी तक्रार येते (आली आहे).

वासाचंही तसंच. हे चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्याला स्वतःचा वास असतो, डबाबंद आला की जास्तच येतो, दोन-चार दिवस हवेशीर ठेवला की उतरतो. हे लिस्टिंगमध्ये नसेल तर "सडलेलं पाठवलं" असा फोटोसकट रिव्ह्यू पडतो.

पावसाळ्यात मात्र कस्टमर खरंच बरोबर असू शकतो. जुलैमध्ये आमच्याकडे पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको, त्यात चप्पल पूर्ण वाळलेली नसताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केली आणि पार्सल सहा दिवस गोडाऊनला पडलं तर कस्टमरच्या घरी पांढरी बुरशी उघडते. असं माझ्या हातून झालंय. तिथं वाद घालायचा नाही. पैसे परत, माफी, आणि तेव्हापासून जून ते सप्टेंबर आधी बटर पेपर, मग सिलिका जेलच्या दोन पुड्या, मग पुठ्ठ्याचा बॉक्स आणि शेवटी वरून कुरियरची पिशवी.

फोटोतला रंग वेगळा, हातातला वेगळा, असं म्हणतात.

खरं असतं ते. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली फोटो काढलात तर तेलकट तपकिरी चप्पल मधासारखी दिसते. खिडकीजवळ, सकाळी, फ्लॅश बंद करून काढा आणि फिल्टर लावू नका. "हातानं रंगवलेली असल्यानं जोडी-जोडीत थोडा फरक" हे लिहा. एवढंच. यावर जास्त डोकं लावत नाही मी.

वापरलेली चप्पल परत पाठवली तर?

ही गोष्ट नीट सांगते, कारण मी यातूनच शिकले.

लग्नसराईत एक ऑर्डर, जेन्ट्स कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार), नंबर नऊ. डिलिव्हरीनंतर पाचव्या दिवशी अगदी सभ्य मेसेज, मॅडम प्रॉडक्ट छान आहे पण फिटिंग नाही, प्लीज रिटर्न प्रोसेस करा. मी पण खुळ्यागत "थँक्यू सर" म्हणून मोकळी झाले. पार्सल आलं, वरवर बघितलं तर चप्पल पुसून चकचकीत, बॉक्स तोच, चिठ्ठी पण तीच. मी रॅकवर ठेवणार तेवढ्यात आप्पांनी हातात घेतली, उलटी केली आणि तळाच्या शिवणीत नखानं टोकरलं. दोन तांदळाचे दाणे निघाले, कुंकू लागलेले. अक्षता! अख्खं लग्न लावून आली होती चप्पल आमची. आप्पा हसत होते, मला रडू येत होतं.

तेव्हा साईटकडे भरपाईचा क्लेम टाकला तर गेला वाया, कारण मी पार्सल उघडतानाचा व्हिडिओच काढला नव्हता. नुसत्या नंतरच्या फोटोला कोण विचारतंय. तेव्हापासून आमच्याकडे पद्धत अशी आहे :

पाठवताना, जोडीच्या तळाचा फोटो, दोन्ही चपला उलट्या, आणि तळावर आतल्या कोपऱ्यात आमचा एक बारीक ठसा असतो तो दिसेल असा. मग बॉक्समध्ये घालण्यापासून कुरियरचं लेबल चिकटवेपर्यंत एकसलग व्हिडिओ, मध्ये कट नाही. बारकोड आणि ऑर्डर नंबर वाचता आला पाहिजे.

परत आल्यावर, पार्सल बंद असताना सहाही बाजू दाखवायच्या, लेबल कॅमेऱ्याजवळ न्यायचं, मग कात्री. उघडल्यावर आधी तळ दाखवायचा. फोन हातात धरून हे जमत नाही, दोनशे-तीनशे रुपयांचा स्टँड घ्या, तो पहिल्याच क्लेममध्ये वसूल होतो.

मग क्लेम. अ‍ॅमेझॉनवर याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर सेलर प्रोटेक्शन फंड, मीशोच्या पॅनलवर क्लेमचा वेगळा टॅब आहे. प्रत्येकाची मुदत वेगळी आणि ती अधूनमधून बदलते, त्यामुळे मी रिटर्न आलं की त्याच दिवशी टाकते, उद्यावर ठेवतच नाही. क्लेममध्ये रडगाणं लिहायचं नाही, "कस्टमर चोर आहे" तर अजिबात नाही. पाठवली ती अशी होती, आली ती अशी आहे, शिवणीत माती आहे, व्हिडिओचं इतकं मिनिट बघा, संपलं. नामंजूर झाला तर एकदा पुन्हा अपील करायचं, दुसऱ्यांदा लिहिताना नवीन पुरावा जोडायचा, तोच मजकूर परत चिकटवला की तेच उत्तर परत येतं.

सगळे क्लेम पास होतात का? नाही. पण तळावरच्या ठशामुळे "चप्पल बदलून दुसरीच पाठवली" हा प्रकार मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी सिद्ध करता आलाय. एकदा तर बॉक्समधून बाथरूमची निळी स्लीपर निघाली होती, तिथं ठशाचीही गरज पडली नाही.

मी "नो रिटर्न, नो रिफंड" लिहून टाकलं तर कटकटच मिटेल ना?

नाही मिटत. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की माल खराब असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर उशिरा पोचला असेल तर सेलरला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. पूर, दंगल असल्या हाताबाहेरच्या कारणानं उशीर झाला तर तेवढी सूट आहे. म्हणजे तुमच्या पाटीला तिथं किंमत नाही. मन बदललं, बायकोला आवडली नाही, यासाठी काय नियम ठेवायचा ते तुमचं आणि साईटचं, पण मार्केटप्लेसवर, म्हणजे फ्लिपकार्ट-मीशोसारख्या साईटवर, असाल तर साईटची रिटर्न पॉलिसीच चालते, तुमची नाही.

"कन्झ्युमर कोर्टात खेचीन" म्हणतो, भीती वाटते.

पहिल्यांदा असा मेसेज आला तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते, आणि रक्कम किती, तर साडेनऊशे रुपये.

धमकी आणि तक्रार यात फरक करा. नुसतं म्हणणारे खूप असतात. पण कस्टमरला तो हक्क खरंच आहे हेही लक्षात असू दे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात कस्टमर जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही कोल्हापुरात आणि केस गुवाहाटीला, असं होऊ शकतं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला त्याला फी पण नाही. त्याआधी बहुतेक लोक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करतात, तिथून तक्रार साईटकडे जाते आणि मग तुमच्या पॅनलवर येते.

तर करायचं काय? वर सांगितलेल्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सेलरकडे तक्रार निवारण अधिकारी पाहिजे. घाबरू नका, आमच्याकडे ते पद माझ्याकडेच आहे, चहा पण मीच करते. तक्रार आली की ४८ तासांच्या आत "मिळाली" म्हणून कळवायचं आणि एक महिन्यात निकाली काढायची. हे दोन आकडे पाठ करा. सगळं लेखी ठेवा, फोनवर बोलणं झालं तरी नंतर मेसेज टाका की आपलं असं असं ठरलं.

आयोगाची खरीखुरी नोटीस आली तर मात्र कपाटात ठेवून देऊ नका. उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आयोगानं वाढवून दिले तर अजून १५, म्हणजे ४५ च्या पुढे नाही, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानंच हे पक्कं केलंय. तिथं वकिलाला विचारा, माझ्यासारखीला नाही.

आणि मनात एक गणित करा. चूक आपली वाटत असेल आणि रक्कम हजाराच्या आसपास असेल तर पैसे देऊन मोकळं व्हा. बरोबर असाल तर पुरावा पाठवा आणि "आपण जरूर तक्रार करू शकता, आमची कागदपत्रं तयार आहेत" एवढंच लिहा. या वाक्यात राग नाही आणि गुडघेही टेकलेले नाहीत, माझा अनुभव असा की यानंतर बरेच जण गप्प होतात.

शिव्या देणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

लगेच काहीच नाही. पहिला तास उत्तर द्यायचं नाही, पण चोवीस तासांच्या पुढेही जाऊ द्यायचं नाही, अ‍ॅमेझॉन तर कस्टमरच्या मेसेजला २४ तासांत उत्तर मागतंच.

उत्तर लिहिताना शिवीला उत्तर द्यायचंच नाही, शिवीच्या आत अडकलेला प्रश्न शोधायचा. "फ्रॉड लोक तुम्ही, आठ दिवस झाले, पैसे खाल्ले माझे" यातला प्रश्न काय? पार्सल कुठं आहे. मग तेवढंच : "दादा, तुमचं पार्सल काल रात्री भिवंडीच्या हबला पोचलंय, ट्रॅकिंगप्रमाणे गुरुवारपर्यंत येईल, गुरुवारी रात्री मी स्वतः बघते आणि तुम्हाला कळवते." आणि गुरुवारी खरंच कळवायचं, आलं नसलं तरी. न कळवलेला गुरुवार सगळ्यात महाग पडतो.

"आम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल अत्यंत खेद आहे, आपण आमच्यासाठी मौल्यवान आहात" असलं काही लिहू नका, ते वाचून शांत माणूसही चिडतो. एआयकडून उत्तर लिहून घेत असाल तरी पाठवायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचा, दुकानात समोर उभ्या माणसाला असं बोलला असता का?

आईबहिणीवरून शिवी आली, बाईमाणूस आहे कळल्यावर घाणेरडं बोलायला लागला, तर सहन करायचं कारण नाही. स्क्रीनशॉट काढा, साईटच्या सपोर्टला रिपोर्ट करा, पुढचं बोलणं फक्त साईटच्या चॅटवर. धमकी किंवा अश्लील मेसेज असतील तर तक्रार सायबर पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला करायची, सायबर क्राईमचा १९३० हा हेल्पलाईन नंबर आहे तो पैशाच्या फसवणुकीसाठी. मी एकदा गेले होते, ठाणे अंमलदार चांगले होते, त्यांनी त्यालाच फोन लावला.

सीओडीची ऑर्डर घेतच नाहीत, दार उघडत नाहीत. काय करावं?

कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे अर्धवट ठरलेलं लग्न. पार्सल जातं, दोन-तीनदा फिरतं, परत येतं, याला आरटीओ म्हणतात, रिटर्न टू ओरिजिन. पंधरा-वीस दिवस तुमचा माल रस्त्यावर, बॉक्स चेपलेला, आणि तेवढ्यात खऱ्या गिऱ्हाईकाला तो नंबर "आऊट ऑफ स्टॉक" दिसतो. हा तोटा कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही म्हणून लोक मोजत नाहीत.

स्वतःच्या वेबसाईटवर किंवा इन्स्टावर विकत असाल तर सीओडीला आधी शंभर रुपये ॲडव्हान्स घ्या, ज्याला खरंच पाहिजे तो देतो. मार्केटप्लेसवर एवढं हातात नसतं, पण कुठल्या पिनकोडवरून पार्सलं परत येतात तो रिपोर्ट दर महिन्याला बघा. आणि तीन वेगळे नंबर एकदम सीओडीत मागवणारा दिसला की समजायचं, घरात ट्रायल रूम उघडलीय.

आमच्या घरात तर यावरून वाद आहे. नवरा म्हणतो सीओडी बंद, मी म्हणते गावाकडची म्हातारी माणसं अजून हातात वस्तू आल्याशिवाय पैसे देत नाहीत आणि त्यात त्यांचं काय चुकलं. सध्या माझं चाललंय.

१ स्टार दिला. काढता येतो का?

शिवी असेल, दुसऱ्याच वस्तूबद्दल असेल, नुसती कुरियरची तक्रार असेल तर रिपोर्ट करा, कधी कधी काढतात. बाकी राहणार. पैसे देतो, रिव्ह्यू बदला, असं कस्टमरला लिहू नका, साईट अकाउंट बंद करू शकते. आणि भाच्याच्या, मेव्हण्याच्या अकाउंटवरून पाच स्टार टाकायचं तर डोक्यातही आणू नका, सेलरनं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचा नाही हे त्याच २०२० च्या नियमांत लिहिलेलं आहे.

जिथं जाहीर उत्तर देता येतं तिथं दोन ओळी द्या. एका बाईंनी लिहिलं होतं, "पट्टा दोन दिवसात सुटला, थर्ड क्लास." मी खाली लिहिलं, "ताई, वेणीचा टाका सुटला असणार, आमची चूक. वादीनं परत शिवून मिळतं, पाठवायचा खर्च आमचा." त्यांनी पाठवली नाही, स्टारही बदलला नाही. पण नंतर निदान चार जणांनी ऑर्डर करताना विचारलं, "ते शिवून देता ना तुम्ही?" म्हणजे वाचतात लोक.

"ही ओरिजिनल कोल्हापुरी नाही" म्हणून भांडतात.

हा माझा आवडता प्रश्न आहे. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१९ मध्ये मिळाला आणि तो एकट्या कोल्हापूरला नाही, महाराष्ट्रातले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत बनली म्हणून डुप्लिकेट, असं होत नाही, तिथले कारागीर पिढ्यान् पिढ्या हेच करतात. कोल्हापूरच्या अभिमानाला जरा टोचतं, पण आहे ते आहे.

डुप्लिकेट ओळखायची ती चामड्यावरून. रेक्झिनचा तळ, खालून मारलेले खिळे, गम लावून चिकटवलेले थर, ती कोल्हापुरी नाही, कोल्हापुरीच्या आकाराची चप्पल आहे. आणि आपण स्वतः रेक्झिनचा माल विकत असू तर लिस्टिंगमध्ये तसं लिहा, "कोल्हापुरी स्टाईल, सिंथेटिक". लेदर लिहून सिंथेटिक पाठवणारे सेलर आहेत म्हणून तर कस्टमर आपल्यावर संशय घेऊन येतो, त्याचा राग त्याच्यावर कशाला काढायचा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या महागड्या ब्रँडनं कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली, आधी कोल्हापूरचं नाव नव्हतं, बोंबाबोंब झाल्यावर त्यांनी मान्य केलं. तेव्हापासून दोन तऱ्हेचे मेसेज येतात. "तिकडे लाखाला विकतात, तुम्ही बाराशेला म्हणजे नक्की नकली" आणि "बाराशे जास्त होतात, आठशेला द्या". एकाच दिवशी दोन्ही आलेत मला.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वस्तात द्या म्हणतात, द्यावी का?

मार्केटप्लेसवरून आलेल्या गिऱ्हाईकाला बाहेर ओढणं हे कुठल्याच साईटच्या नियमांत बसत नाही, पकडलं तर अकाउंट जातं. लेबलवरचा नंबर घेऊन दिवाळी ऑफर पाठवणं पण बंद करा, तो नंबर डिलिव्हरीसाठी दिलेला असतो, जाहिरातीसाठी नाही.

स्वतःहून तुमच्या इन्स्टावर आला तर गोष्ट वेगळी. तिथं घासाघीस होणारच, आपण पण चप्पल लाईनीत उभं राहून करतोच की. मी भाव एकदाच सांगते, दोन जोड घेतले तर शंभर कमी, त्याच्या खाली नाही. "विचार करून सांगतो" म्हणाला तर "बरं दादा" एवढंच, मागं लागायचं नाही.

एक मात्र सांभाळा. कुणी "मी मिलिटरीत आहे, तीस जोड पाहिजेत, पेमेंटसाठी क्यूआर पाठवतो, स्कॅन करा" म्हणाला की फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपले जातात. आमच्या शेजारच्या दुकानदाराचे असे गेलेत. तो तर अत्यंत नम्र होता म्हणे, प्रत्येक वाक्याला जय हिंद. पैसे गेलेच तर मग तो १९३०, ताबडतोब, जेवढा लवकर फोन तेवढी रक्कम थांबायची शक्यता.

चूक आपलीच असेल तर?

तर पटकन मान्य करा, कारण शोधत बसू नका. मी एका बाईंना दोन्ही डाव्या पायाच्या चपला पाठवल्या होत्या. त्यांनी फोटो टाकला, दोन्ही अंगठे एकाच बाजूला, आणि खाली लिहिलं, "मी नाचायला शिकू का?" मला हसू पण आलं आणि लाजही वाटली. त्याच दिवशी नवीन जोडी पाठवली, जुनी परत मागितली नाही, कारण उजवीच्या दोन कुणाकडे तरी गेल्यात हे मला तेव्हाच कळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो फोन आलाच.

त्यांनी तरी दोनच स्टार दिले. बरोबर दिले.

अकाउंटचे आकडे किती बघायचे?

अ‍ॅमेझॉनवर तीन : ऑर्डर डिफेक्ट रेट (तक्रार झालेल्या ऑर्डरींचं प्रमाण) १ टक्क्याच्या खाली, उशिरा पाठवणं ४ टक्क्यांच्या खाली, आपण रद्द केलेल्या ऑर्डरी २.५ टक्क्यांच्या खाली. बाकी साईटचे आपापले आहेत. ऑर्डरी कमी असतील तेव्हा एक वाईट तक्रारही टक्केवारी उडवते, म्हणून नवीन सेलरनं पहिले तीन महिने वाद जिंकायच्या मागं लागू नये. स्टॉक नसताना ऑर्डर घेऊन मग रद्द करणं हे तर आपल्याच हातानं आपला कस्टमर चिडवणं आहे. आप्पांकडून आठवड्याला जेवढे जोड होतात तेवढेच मी लावते.

रात्री अकराला मेसेज येतात, उत्तर द्यायचं का?

मी आधी द्यायचे. अंथरुणात पडल्या पडल्या भांडायचे लोकांशी, सकाळी उठून स्वतःचाच मेसेज वाचून कपाळाला हात. आता ऑटो रिप्लाय आहे, "सकाळी दहानंतर उत्तर देते, तळाचा आणि बॉक्सचा फोटो पाठवून ठेवा". फोटो पाठवून ठेवा म्हटल्यावर माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि मला सकाळी विषय समजलेला असतो. रात्री नऊनंतर फोन आप्पांच्या हत्यारांच्या पेटीवर, आरी-रापीच्या शेजारी. तिथून तो कुणी उचलत नाही, कारण त्या पेटीला हात लावलेला आप्पांना खपत नाही.